इंजिनिअर्स डेला ज्यांचा फोटो फिरतो, त्या विश्वेश्वरय्यांचं अर्धं आयुष्य एकाच प्रश्नात गेलं: पावसाचं पाणी थांबवायचं कुठं?

जुलै महिना. भिवंडी तालुक्यातलं राहनाळ. अंजूरफाट्यावरून काल्हेर-कशेळीकडे निघालात की रस्त्याच्या दोन्ही अंगाला गोदामंच गोदामं लागतात. तुम्ही ऑनलाइन मागवलेला मिक्सर, बूट, मोबाईलचं कव्हर, यातलं काहीतरी याच पट्ट्यातल्या एखाद्या शेडमधून तुमच्या दारात आलेलं असू शकतं. आता दोन-तीन दिवस पाऊस लागून राहिला आणि त्यात खाडीला भरती आली, की या सखल भागात पाणी तुंबायला वेळ लागत नाही. मग फोनवर व्हिडिओ यायला लागतात. गुडघाभर पाण्यात उभे ट्रक, भिजलेले खोके.

पाऊस काही नवीन नाही. ठाणे जिल्ह्यात तो पिढ्यानपिढ्या असाच कोसळतो. बदलली ती जमीन. गोदामं यायच्या आधी या पट्ट्यात भाताची शेती होती. भाताच्या प्रत्येक खाचराला चारी बाजूंनी बांध असतो. म्हणजे पाऊस पडला की आधी खाचर भरायचं, मग बांध ओलांडून पाणी खालच्या खाचरात, तिथून ओढ्यात, ओढ्यातून खाडीत. पाण्याला वाटेत शंभर ठिकाणी थांबावं लागायचं. खाचरात मुरूम टाकून भराव केला, वर काँक्रीट ओतलं आणि पत्र्याची शेड उभी केली, की तेवढंच पाणी एका तासात गटारात येतं. गटार तेवढंच.

गोल्फचं मैदान सांभाळणाऱ्या माणसाला हे गणित तोंडपाठ असतं. हिरवळीखाली खडी, खडीत भोकं पाडलेले पाइप आणि मैदानाच्या सखल कोपऱ्यात एक तळं. बघणाऱ्याला ते तळं शोभेचं वाटतं. खरं तर मुसळधार पावसात अख्ख्या मैदानाचं पाणी धरून ठेवायची ती जागा असते. पाइप कितीही मोठा टाकला तरी आधी थांबायला जागा लागतेच.

हेच गणित मैदानाच्या ऐवजी अख्ख्या शहरासाठी, अख्ख्या नदीसाठी मांडणारा एक माणूस आपल्याकडे होऊन गेला. दरवर्षी १५ सप्टेंबरला इंजिनिअर्स डेच्या शुभेच्छांवर त्यांचा फोटो असतो. डोक्यावर म्हैसुरी फेटा, अंगात कोट, चेहऱ्यावर हसू नाही. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. रेल्वेच्या आवाजावरून त्यांनी पुढचा तुटलेला रूळ ओळखल्याची गोष्ट तुम्ही फॉरवर्डमध्ये वाचली असेलच. ती इथे नको. त्यांनी पावसाशी जे केलं, ते त्या गोष्टीपेक्षा भारी आहे आणि त्यातलं बरंचसं महाराष्ट्रात घडलंय.

जन्म १८६१ चा, म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी गावचा. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे पंडित. घरात विद्या होती, पैसा नव्हता, आणि वडील लवकर गेले. बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना पोरगा शिकवण्या घेऊन खर्च भागवायचा. १८८१ मध्ये बी.ए. झाला. पुढे इंजिनिअर व्हायचं तर पुणं गाठायला हवं होतं. म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली आणि विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो, तेच हे कॉलेज. १८८३ च्या परीक्षेत ते पहिले आले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांची नोकरी पक्की झाली.

१८८४ मध्ये ते असिस्टंट इंजिनिअर म्हणून नाशिकला रुजू झाले आणि तिथून त्यांना धुळ्याकडे पाठवण्यात आलं. वय तेविसाच्या आत-बाहेर. पहिलंच मोठं काम पांझरा नदीच्या खोऱ्यात, दातर्ती गावाजवळ मिळालं. कालव्याचं पाणी ओढ्याच्या पलीकडे न्यायचं होतं, त्यासाठी पात्राच्या खालून पाइप टाकायचा होता. अशा पाइपाला सायफन म्हणतात. एका बाजूने पाणी खाली उतरतं, पात्राखालून जातं आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा वर येतं.

काम सोपं होतं, वेळ चुकीची होती. पावसाळा सुरू झाला होता. खणलेल्या चरात पुराचं पाणी शिरायचं, वाळूने चर भरून जायचा, पुन्हा उपसायचा. विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांना कळवलं की पावसाळा संपेपर्यंत थांबलेलं बरं, उगाच सरकारचा पैसा पाण्यात जाईल. वरिष्ठ साहेबांना यात नव्या पोराची टाळाटाळ दिसली. कामाला नकार देणं शिस्तीत बसत नाही, अशा अर्थाचा शेरा आला. आता नोकरी नवीन, साहेब इंग्रज. विश्वेश्वरय्यांनी वाद न घालता काम पुन्हा हातात घेतलं आणि त्या पावसातच पूर्ण केलं. एकदा तर पुरामुळे ते पलीकडच्या गावात अडकून पडले आणि परतताना नदी पोहून आले.

पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत त्यांनी जे काही केलं, त्याची सुरुवात या चरात झाली असं म्हणायला हरकत नाही. पुराच्या वेळेला पुराशी भांडण्यात अर्थ नाही, त्याची सोय आधी करावी लागते, हे त्यांना अंगावर पाणी घेऊन कळलं होतं.

मग बदल्या सुरू झाल्या. मुंबई इलाखा म्हणजे तेव्हा सिंधपासून धारवाडपर्यंत पसरलेला. १८९० च्या दशकात सिंधमधल्या सक्करला पिण्याच्या पाण्याचं काम आलं. सिंधू नदी दारातून वाहते, पण पाणी असं गढूळ की पिता येत नाही. गाळायचे मोठे हौद बांधायचे तर नगरपालिकेकडे पैसे नाहीत. विश्वेश्वरय्यांनी नदीलाच गाळणी बनवलं. पात्रातल्या वाळूत विहीर खणली, वाळूतून झिरपत येणारं पाणी तिच्यात जमा केलं आणि तिथून ते पंपाने वर चढवलं. खर्च कमी, पाणी स्वच्छ.

तिथून सुरत, मग पुणं. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्या वर्तुळात त्यांचं उठणं-बसणं होतं. १८९८ मध्ये ते स्वखुशीने जपान बघून आले. लहानसा देश कारखाने आणि शाळांच्या जोरावर कसा उभा राहिला, हे बघून त्यांच्या डोक्यात उद्योगांचं खूळ शिरलं ते कायमचं. पण ती वेगळी गोष्ट.

१८९९ मध्ये ते पुणे जिल्ह्याच्या पाटबंधाऱ्याचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर झाले आणि त्यांच्यासमोर नीरा कालव्याचा गुंता आला. कालव्याचं पाणी आलं तशी शेतकऱ्यांनी ऊस लावायला सुरुवात केली होती. ज्याचं शेत कालव्याच्या वरच्या तोंडाला, तो पाहिजे तेवढं पाणी घ्यायचा. शेपटाकडच्या गावांना थेंब नाही. आणि वरच्या गावांचंही भलं होत नव्हतं. सतत पाणी पाजून जमिनी चिबड व्हायला लागल्या, डबकी साचली, डास वाढले. म्हणजे एकाकडे पाणी जास्त म्हणून नुकसान, दुसऱ्याकडे नाही म्हणून.

यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. गावागावात जमिनीचे ठरावीक तुकडे पाडायचे, त्यातल्या काही भागात ऊस, काही भागात भातासारखं पीक, काही भागात कमी पाण्याची पिकं, आणि ही पिकं आळीपाळीने फिरवायची. पाणी एकाच जमिनीत मुरत राहणार नाही आणि जास्त गावांपर्यंत पोहोचेल, असा हिशोब. शेतकऱ्यांनी सुरुवातीला जोरदार विरोध केला. साहजिक होतं, मोकळ्या हाताने पाणी घ्यायची सवय मोडणार होती. विश्वेश्वरय्या लोकांना समजावत राहिले आणि पद्धत लागू झाली. ऊस आणि कालव्याचं पाणी हे भांडण महाराष्ट्रात आजही संपलेलं नाही, त्यामुळे त्यांनी प्रश्न कायमचा सोडवला असं कुणी म्हणू नये. पण चिबड जमीन आणि कोरडी जमीन ही एकाच चुकीची दोन टोकं आहेत, हे त्यांनी सरकारी कागदावर आणलं.

याच काळात त्यांनी खडकवासल्याचं काम केलं, आणि त्यांचं नाव खऱ्या अर्थाने झालं ते यामुळे.

खडकवासला धरण तेव्हा वीसेक वर्षांचं होतं. पुणं आणि खडकीच्या लष्कराला तिथून पाणी जायचं आणि मागणी वाढत चालली होती. धरणाची भिंत उंच करणं जोखमीचं होतं. विश्वेश्वरय्यांनी पावसाळ्यात सांडव्याकडे नीट बघितलं. सांडवा म्हणजे धरण भरल्यावर जादा पाणी वाहून जायला ठेवलेली कमी उंचीची वाट. मोठ्या पावसात सांडव्यावरून सहा ते आठ फूट जाडीचं पाणी वाहायचं. म्हणजे धरण तेवढ्या उंचीचं पाणी दरवर्षी काही दिवस झेलतच होतं, त्याला काही होत नव्हतं. मग पूर ओसरत असताना तेवढंच पाणी अडवून ठेवलं तर?

अडवायचं तर दरवाजे पाहिजेत. पण मुठेला पूर रात्री-अपरात्री येतो. दरवाजा उघडायला माणूस वेळेवर पोहोचला नाही तर भिंतीवर ताण येणार. म्हणून त्यांनी असे दरवाजे आखले जे कुणी हात न लावता चालतील. दरवाज्याला पलीकडून प्रतिवजन जोडलेलं. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की पाण्याच्याच जोरावर समतोल बदलायचा आणि दरवाजा उघडायचा. पाणी उतरलं की तो पुन्हा आपोआप बंद. वीज नाही, मोटर नाही, साहेबाचा हुकूम नाही.

१९०३ च्या सुमाराला हे दरवाजे खडकवासल्याच्या सांडव्यावर बसले. भिंतीला हात न लावता साठ्याची पातळी आठ फुटांनी वर गेली. तलावातल्या पाण्याचा वरचा थर सगळ्यात रुंद असतो, त्यामुळे आठ फुटांत पाणी भरपूर वाढतं. त्यांनी या रचनेचं पेटंट घेतलं, पण सरकारी कामातून निघालेली गोष्ट म्हणून तिच्यावर पैसे घ्यायला नकार दिला. पुढे अशाच धर्तीचे दरवाजे ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर बसले.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. हे दरवाजे दोन उलटी कामं करत होते. टंचाईसाठी पाणी धरायचं आणि पुरासाठी सोडायचं. धरण पूर्ण भरलेलं असेल तर पूर थांबवता येत नाही, आणि रिकामं ठेवलं तर उन्हाळ्यात नळ कोरडे. प्रत्येक धरणावरच्या अधिकाऱ्याची झोप उडवणारा हा पेच आहे.

पुढे ते इलाख्याचे सॅनिटरी इंजिनिअर झाले, म्हणजे शहरांचं पिण्याचं पाणी आणि सांडपाणी दोन्ही त्यांच्याकडे. कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, विजापूर अशा गावांच्या पाणीयोजनांत त्यांचा सल्ला घेतला गेला. एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्या कारभारात होतं. त्या वाळवंटी बंदरासाठीही, दूरच्या डोंगरात पडणारा पाऊस वाळूखालून कसा मिळवता येईल, ते त्यांनी जाऊन बघितलं. कौतुक होत होतं, बढत्या मिळत होत्या, अनेक ज्येष्ठ मागे पडत होते. पण वरची खुर्ची काही भारतीयाला मिळणार नव्हती. चीफ इंजिनिअरचं पद इंग्रजांसाठीच असल्यासारखं होतं. १९०८ मध्ये, पन्नाशीही झाली नसताना, त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि परदेश बघायला निघाले.

आणि तेव्हाच हैदराबाद बुडालं.

२८ सप्टेंबर १९०८. मुसी नदी हैदराबादच्या मधून वाहते. एरवी ती एवढीशी असते की कुणी तिला भिऊ नये. त्या दोन दिवसांत शहराजवळच्या शमशाबादला २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत १८.९ इंच पाऊस झाला. म्हणजे साधारण ३२५ आणि ४८० मिलिमीटर. मुंबई-ठाण्याच्या माणसाला हा आकडा ओळखीचा वाटेल, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता. पण दख्खनच्या पठारावर एवढा पाऊस म्हणजे अघटितच. वर्षाच्या पावसातला मोठा वाटा दोन दिवसांत ओतला गेला.

पाणी पूल ओलांडून वस्तीत शिरलं. तीन पूल तुटले. जवळपास १५ हजार माणसं गेली, १९ हजारांच्या आसपास घरं पडली. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारात एक चिंचेचं झाड होतं. त्याच्यावर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले. ते झाड उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारात आजही लोकांना दाखवतात.

निजामाच्या सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावणं धाडलं. ते तेव्हा युरोपात होते. ठरलेला दौरा आटोपून १९०९ च्या एप्रिलमध्ये ते हैदराबादला आले. हैदराबाद संस्थान म्हणजे आपलंच दुसरं अंगण, मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता.

कुणालाही वाटेल की नदीला उंच भिंती बांधा आणि पात्र रुंद करा, झालं काम. विश्वेश्वरय्यांनी शहर सोडून आधी वरच्या बाजूला बघितलं. मुसी आणि तिला मिळणारी ईसी, या दोन नद्यांचं शहरापर्यंतचं पाणलोट क्षेत्र ८६२ चौरस मैलांचं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावसाचे आकडे गोळा केले, पुराच्या खुणा मोजल्या आणि तलाव मोजले. त्या भागात ७८८ तलाव होते. जवळजवळ दर चौरस मैलाला एक. गावोगावच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या बांधलेले, मातीच्या बांधाचे. राहनाळच्या भातखाचरांचे थोरले भाऊ म्हणा.

त्या पावसात ७८८ पैकी २२१ तलाव फुटले. ईसीच्या खोऱ्यात १८२, मुसीच्या खोऱ्यात ३९. आणि फुटले ते माळेसारखे. वरचा तलाव फुटला की त्याचं पाणी खालच्या तलावात, मग तो फुटायचा, मग त्याच्या खालचा. म्हणजे जे तलाव पाण्याला थांबवायला बांधले होते, त्यांनीच शेवटी पाण्याची लाट तयार करून शहरावर सोडली. शहराशी पोहोचलेल्या पुराचा जोर त्यांनी सेकंदाला सव्वाचार लाख घनफूट काढला.

त्या काळात हा हिशोब मांडणं मोठी गोष्ट होती. एवढ्या मोठ्या दुर्घटनेनंतर देवाचा कोप, नशीब, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. विश्वेश्वरय्यांनी पूर कशाने आला ते आकड्यांत सांगितलं, आणि असा पूर पुन्हा येऊ शकतो हेही धरून चालले.

१९०९ मध्येच त्यांनी अहवाल दिला. मुख्य सूचना अशी की शहराच्या वर, काही मैलांवर, मुसीवर एक आणि ईसीवर एक अशी दोन मोठी धरणं बांधायची. पूर आला की तो आधी तिथे थांबेल आणि शहराला झेपेल एवढंच पाणी हळूहळू खाली येईल. शहरात नदीचे काठ उंच करायचे आणि काठाने रस्ते, बागा करायच्या. म्हणजे नदीलगतची जागा मोकळी राहील, तिथे पुन्हा झोपड्या आणि वाडे उभे राहून लोक बुडणार नाहीत. आणि शहराचं सांडपाणी उघड्या गटारांतून नदीत जायचं, त्यासाठी जमिनीखालून मलवाहिन्यांची योजना. पावसाचं पाणी आणि घाण पाणी दोन्हींचा विचार एकाच माणसाने केला, कारण पुरात ही दोन्ही एक होतात. पूर ओसरल्यावर साथी येतात त्या यामुळेच.

त्यांनी हैदराबादमध्ये काही महिनेच काढले. धरणं पुढे हैदराबादच्या इंजिनिअरांनी उभी केली, त्यात अली नवाज जंग यांचं नाव मोठं आहे. मुसीवरचा उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसीवरचा हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. पूर अडवायला बांधलेली ही धरणं शहराची पिण्याच्या पाण्याची सोय झाली. काठावर बागा आल्या. मलवाहिन्यांच्या कामासाठी विश्वेश्वरय्यांना नंतरही बोलावणं आलं.

पण याला एक दुसरी बाजू आहे, जी १५ सप्टेंबरच्या शुभेच्छांमध्ये येत नाही. वर धरण झालं, नदी शांत झाली, तशी लोकांची भीती गेली. मुसीचं पात्र आटलं, सांडपाण्याचा ओढा झालं, त्यात वस्ती सरकली. शहर वाढलं तसे जुने लहान तलाव बुजवले गेले किंवा चारी बाजूंनी घेरले गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादला जबर पाऊस झाला, तेव्हा हिमायतसागरचे दरवाजे उघडावे लागले. पण त्या वेळी जुन्या शहराच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांत पाणी शिरलं ते पल्ले चेरुवू आणि गुर्रम चेरुवू हे तलाव फुटल्यामुळे. चेरुवू म्हणजे तेलुगूत तलाव. १९०८ चं कारण ११२ वर्षांनी पुन्हा तेच.

विश्वेश्वरय्या मात्र १९०९ च्या शेवटी म्हैसूरला गेले. तिथे आधी चीफ इंजिनिअर आणि १९१२ ते १९१८ दिवाण. कृष्णराजसागर धरण, म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना, ही सगळी यादी शाळेच्या पुस्तकात असते.

दिवाणपद सोडल्यावर ते पुन्हा मुंबईच्या एका पाण्याच्या भानगडीत आले, आणि हा किस्सा कमी लोकांना माहीत असतो. १९२० नंतर मुंबई सरकारने बॅकबेमध्ये समुद्र हटवून जमीन काढायची मोठी योजना सुरू केली होती. समुद्रात भिंत घालायची, ड्रेजरने गाळ उपसून आत टाकायचा आणि जमीन विकून पैसे उभे करायचे. भिंतीतून गाळ परत समुद्रात झिरपत राहिला, खर्च फुगत गेला. के. एफ. नरिमन यांनी यावर रान उठवलं. १९२६ मध्ये चौकशी समिती नेमली गेली, तिच्यात विश्वेश्वरय्या होते. ज्याने उभं आयुष्य पाण्याला जागा काढून दिली, तो आता पाण्याची जागा काढून घेणाऱ्यांचा हिशोब तपासत होता. योजना पुढे कापून लहान करण्यात आली.

१९३७ मध्ये ओडिशात महानदीला मोठा पूर आला. गांधीजींच्या सांगण्यावरून विश्वेश्वरय्या तिकडे गेले. वय पंचाहत्तरीच्या पुढे. मुखाशी बुडणाऱ्या गावांसाठी त्यांनी पुन्हा वरच्या अंगाला बोट दाखवलं: खोऱ्यात साठवण तलाव करता येतील का, याची नीट तपासणी करा. स्वातंत्र्यानंतर महानदीवर हिराकूड धरण झालं, त्याच्या मुळाशी ही सूचना होती. हिराकूडने पूर आवरला आणि हजारो कुटुंबांच्या जमिनी पाण्याखालीही घातल्या. वर थांबवलेलं पाणी वरच्या कुणाच्या तरी शेतात थांबतं. विश्वेश्वरय्यांच्या पिढीच्या इंजिनिअरांच्या आकडेमोडीत त्या माणसांचा रकाना फार लहान होता, हे मान्य करावं लागतं.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. नव्वदी ओलांडल्यावरही गंगेवरचा पूल बिहारात कुठे बांधावा, हे बघायला ते गेले होते. कोट-फेट्याचा थाट तोच.

१२ जुलै १९६१ ची सकाळ. पुण्याच्या वर, अंबी नदीवर पानशेतचं धरण बांधून होत आलं होतं. मातीचं धरण, काम अजून पूर्ण नव्हतं आणि पाऊस थांबत नव्हता. सकाळी ते फुटलं. ते सगळं पाणी खाली खडकवासल्यात आलं. ज्याच्या सांडव्यावर जवळपास साठ वर्षांपूर्वी विश्वेश्वरय्यांनी आपले दरवाजे बसवले होते, तेच हे धरण. काही तास त्याने तो लोंढा अंगावर घेतला आणि मग तेही फुटलं. त्या काही तासांत पुण्यातल्या कितीतरी लोकांना घराबाहेर पडायला वेळ मिळाला. दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठा पाण्याखाली होत्या.

वरचं फुटलं, मग खालचं फुटलं. ईसीच्या खोऱ्यातल्या १८२ तलावांसारखं.

विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते, बंगळुरूला, वयाच्या शंभरीच्या उंबरठ्यावर. १९६२ च्या एप्रिलमध्ये ते गेले. मुद्देनहळ्ळीला, जन्मगावी, त्यांचं स्मारक आहे.

खडकवासला पुन्हा बांधलं गेलं. आता जुलै-ऑगस्टमध्ये पुणेकरांच्या फोनवर मेसेज येतो की खडकवासल्यातून मुठेत अमुक हजार क्यूसेकने विसर्ग सुरू आहे, नदीपात्रातल्या गाड्या काढून घ्या. क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, ज्या मापात त्यांनी मुसीचा सव्वाचार लाखांचा पूर मोजला होता, तेच. मेसेज वाचून लोक भिडे पुलाचा फोटो काढायला जातात. राहनाळला वर धरण नाही, त्यामुळे असा मेसेजही येत नाही. तिथे भरतीचं वेळापत्रक बघतात आणि माल वरच्या रॅकवर चढवतात.